कर्जखतांतील तिसरा माणूस

ऋणादान हें आपल्या धर्मशास्त्रांतील अठरा व्यवहारपदांपैकीं पहिलें पद होय. तें वाचलें म्हणजे आपल्या पूर्वजांस सावकारी किती चांगली ठाऊक होती याची खात्री पटते. व्याज दरमहा ऐंशीवा भाग असावें, सांचलेलें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं देऊं नये, तारण ठेवलेली वस्तु धनकोनें बळजबरीनें वापरूं नये, हें सर्व तेथें बारकाईनें सांगितलें आहे. दामदुपटीचा नियम तर इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनींही मान्य केला होता. धनको, ऋणको, जामीन व साक्षी एवढीं माणसें खतावर आलीं कीं खत पुरें झालें. परंतु ज्यानें कर्ज दिलेंही नाहीं व घेतलेंही नाहीं, तरी ज्याची जमीन त्या कर्जापायीं जाते, असा एक तिसरा माणूस असूं शकतो. त्याला खतांत जागा नाहीं. स्मृतिकारांस तो दिसला नाहीं याचा दोष आम्ही त्यांना देत नाहीं. कारण विसाव्या शतकांतील जगांतल्या सर्वांत मोठ्या धनकोलाही तो चाळीस वर्षें दिसला नव्हता. तो दिसला तो आपल्या महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यांतील भिल्ल व पावरा लोकांमुळें. ती हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा धनको म्हणजे जागतिक बँक. आपल्या पेठेंतील बँकेसारखी ती कोणाचें बचतखातें उघडीत नाहीं. अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें १९४४ सालीं भरलेल्या परिषदेंत तिची योजना झाली आणि १९४६ पासून तिचें काम सुरूं झालें. ती सरकारांना कर्ज देते. धरणें, वीज, रस्ते, शाळा यांसाठीं देते. तिच्या घटनेंत असा एक नियम आहे कीं, तिनें कोणत्याही देशाच्या राजकारणांत पडूं नये व आपले निर्णय केवळ आर्थिक विचारांनीं घ्यावे. हा नियम करणाऱ्यांचा हेतु चांगलाच होता. धनकोनें ऋणकोच्या घरांत लुडबूड करूं नये एवढाच त्याचा अर्थ. पण त्याचा एक विचित्र परिणाम झाला. १९४८ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघानें मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या पहिल्या कलमांत ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघण्यासारखे शब्द योजले होते, ते बदलून ‘सर्व मानव’ असे करण्याचें श्रेय आपल्या हंसाबेन मेहतांकडे जातें, हें आमच्या भगिनीवर्गानें अवश्य लक्षांत ठेवावें. तर हा जाहीरनामा निघाला खरा. परंतु बँकेच्या कचेरींत असें समजण्यांत येऊं लागलें कीं हक्क म्हणजे राजकारण, आणि राजकारण आपणांस वर्ज्य. धरणाची भिंत किती उंच हा आर्थिक प्रश्न. भिंतीमागें कोण बुडतो हा राजकीय प्रश्न.

अशी समजूत परक्या बँकेचीच होती असें मात्र कोणी समजूं नये. आमचें पासली गांव वेल्हे तालुक्यांत, केळद व मढे घाटाच्या वाटेवर आहे. आमच्या उत्तरेस मुळशीचें खोरें आहे. तेथें टाटांच्या वीज कंपनीसाठीं मुळा व निळा यांच्या संगमाजवळ धरण घालण्याचें ठरलें, तेव्हां १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह सुरूं केला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी; बापटांस ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यानें मिळाली. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा अजून पुष्कळांच्या स्मरणांत असेल. पण एक गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाहीं. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्यांतील सावकारांच्या नांवावर किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. मावळा ती जमीन कसणारा कूळ होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें नुकसानभरपाई मिळावयाची ती जमीन ज्याच्या नांवावर त्याला. मग शेवटपर्यंत लढण्याचें कारण कुळाला होतें तेवढें सावकाराला राहिलें नाहीं, यांत नवल काय? भरपाईचा दर वाढला तेव्हां पुण्यास समाधान वाटलें, आणि १९२४ पर्यंत लढा संपला. त्या सावकारांत आपल्याच जातीचीं माणसें होतीं. कंपनी, सरकार व जमीनमालक अशीं तीन नांवें त्या कागदांवर होतीं. नांगर धरणारा हात कागदावर नव्हता.

आमच्याच तालुक्यांतील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, तें पुण्याच्या दुःखानें सर्वांना आठवतें. तें धरण भरण्यासाठीं ज्यांचीं गांवें उठलीं त्यांची आठवण ठेवणारे थोडे. असो. हा विषय घराजवळचा आहे एवढें दाखविण्यापुरतेंच हें सांगितलें.

बँकेला पहिला धक्का परदेशांत बसला. फिलिपाइन्स बेटांत चिको नदीवर धरणें बांधण्याच्या योजनेस तेथील कलिंग व बोंतोक नांवाच्या डोंगरी लोकांनीं विरोध केला. १९८० च्या एप्रिलांत त्यांचा एक पुढारी सैनिकांच्या गोळ्यांस बळी पडला, आणि बँकेस हात आखडता घ्यावा लागला. ब्राझीलमध्यें रान तोडून काढलेल्या एका रस्त्यानें तेथील मूळ रहिवाशांची दाणादाण उडाली. त्या कर्जाचे हप्ते बँकेनें १९८५ सालीं कांहीं काळ रोखून धरले. मध्यंतरीं १९८२ सालीं बँकेनें आपल्या नोकरवर्गासाठीं एक फर्मान काढलें कीं, आदिवासींच्या परंपरागत प्रदेशावर आक्रमण होईल अशा कामास पुरेशा संरक्षणावांचून साह्य करूं नये. फर्मान चांगलें होतें. शाळेंतील कपाटांत जशीं शिक्षणखात्याचीं परिपत्रकें असतात तसें तें असावें, असें पुढील हकीकतीवरून वाटतें.

आतां नर्मदेकडे वळूं. आपल्या घरांत नर्मदा ही परिक्रमेनें परिचित आहे. आद्य शंकराचार्यांच्या नांवावर असलेलें नर्मदाष्टक न येणारें जुनें घर विरळा, श्री. वासुदेवानंद सरस्वती यांनीं १९१४ सालीं देह ठेवला तो तिच्याच कांठीं गरुडेश्वरास. परिक्रमा करून आलेली मंडळी शूलपाणीच्या झाडींतील भिल्लांची गोष्ट हटकून सांगत, कीं ते यात्रेकरूंचें सर्व कांहीं काढून घेतात व अंगावर लंगोटी तेवढी ठेवतात. ती नर्मदामाईनें घेतलेली परीक्षाच समजावी. लहानपणीं ही गोष्ट आम्हीं शंभरदां ऐकली. ज्या झाडींतून परिक्रमावासी चालत गेले, त्या झाडींत ज्यांचीं घरें होतीं ते काय खातात, त्यांची जमीन कोणती, हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं, आणि सांगणाऱ्यांसही नाहीं.

गरुडेश्वराच्या वरच्या अंगास, गुजरातेंत केवडियाजवळ, सरदार सरोवर धरण बांधण्याचें ठरलें. चार राज्यांतील पाण्याचा तंटा लवादानें १९७९ सालीं निकालांत काढला व भिंतीची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, ठरविली. मागें पाणी चढलें म्हणजे मध्यप्रदेशांतील १९३, महाराष्ट्रांतील ३३ व गुजरातेंतील १९ मिळून २४५ गांवांस बाधा होणार होती. महाराष्ट्रांतील गांवें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील. त्या वेळीं तो धुळें जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार. १९८५ च्या मे महिन्यांत जागतिक बँकेनें या कामासाठीं ४५ कोटि डॉलरांच्या कर्जाचे करार केले. खतावर भारत सरकार होतें, तीन राज्यसरकारें होतीं, बँक होती. मणिबेलीचा भिल्ल नव्हता. आपलें गांव बुडणार हें त्या पहाडांतल्या पुष्कळांना भिंतीचें काम सुरूं होईपर्यंत कोणीं नीट सांगितलेंही नव्हतें.

लवादाचा निवाडा त्या काळच्या मानानें उदार होता, हें कबूल केलें पाहिजे. जमीन गेलेल्या कुटुंबास निदान दोन हेक्टर ओलिताखालीं येणारी जमीन द्यावी, आणि प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब समजावा, असें त्यांत होतें. हें वाचून आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांच्या मनांत लगेच दोन प्रश्न येतील. पहिला असा कीं, सज्ञान मुलगी कोठें गेली? तिचा त्यांत उल्लेख नाहीं. दुसरा असा कीं, जमीन ‘गेलेली’ म्हणजे कोणाची? आणि येथेंच सारी मेख होती. अक्राणीच्या डोंगरांत बाप, चुलते, मुलें एका पाठारावर शेती करतात. सातबारावर नांव असलेंच तर एका म्हाताऱ्याचें. कित्येक शेतें तर जंगलखात्याच्या हद्दींत येणारीं, ‘नेवाड’ म्हणून ओळखलीं जाणारीं. तीं पिढ्यानुपिढ्या कसलेलीं असलीं तरी सरकारी भाषेंत तें अतिक्रमण. आणि अतिक्रमण करणारा तो भूमिहीन. म्हणजे जो माणूस दहा तोंडांना पुरेल एवढें धान्य पिकवितो, त्याला कागदावर जमीनच नाहीं!

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. मनुस्मृतीचा नवा काळ आदर करो वा न करो, पण तिच्या नवव्या अध्यायांत जमिनीच्या मालकीबद्दल एक विचार आलेला आहे, तो येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं: रानांतील खुंट काढून ज्यानें शेत तयार केलें, त्याचें तें शेत. ज्या ग्रंथाच्या आधारें आपण इतर पुष्कळ गोष्टी इतरांवर लादल्या, त्यांतला हा भिल्लाच्या उपयोगाचा विचार मात्र आपल्या हातून कधीं वापरला गेला नाहीं. योगायोग असा कीं, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९५७ च्या एका करारांत जवळजवळ हीच गोष्ट आली आहे. आदिम जमाती परंपरेनें ज्या जमिनींवर राहतात त्यांवरील त्यांची मालकी, मग ती एकट्याची असो वा समाईक, सरकारांनीं मान्य करावी, असें तो करार सांगतो. भारतानें त्यावर १९५८ सालींच मान्यतेची मोहोर उठविली होती. करार दिल्लींत होता, फर्मान वॉशिंग्टनांत होतें, आणि नेवाड जमीन कसणारा मणिबेलींत होता. या तिघांची गांठ घालून देणारें कोणी नव्हतें.

ती गांठ खुद्द त्या लोकांनींच घातली. १९८५ सालीं मेधा पाटकर या खोऱ्यांत गेल्या. त्यापुढें दोनतीन वर्षें महाराष्ट्रांतील नर्मदा धरणग्रस्त समितीनें जें केलें तें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, कारण त्यांत आरडाओरड थोडी व प्रश्न पुष्कळ होते. आम्हांला किती जमीन देणार? ती कोठें आहे? दाखवा. ओलिताची आहे काय? चराऊ रान आहे काय? मोह, तेंदू, बांबू, नदींतली मासळी यांची किंमत कोणत्या रकान्यांत धरली? पहाडांतील माणूस मीठ, तेल, कपडा याखेरीज बाजारांतून फारसें आणीत नाहीं. शेजाऱ्याच्या शेतावर मजुरी न घेतां राबतो व शेजारी त्याच्या शेतावर राबतो. ही शेजारीपणाची ठेव दूर दूर विखुरलेल्या वसाहतींत कोणत्या भावानें परत मिळणार? उत्तरें आलीं नाहींत, किंवा तीन राज्यांचीं तीन आलीं. गुजरातेंत आर्च-वाहिनी ही संस्था बँकेशीं व सरकारशीं बोलणीं करीत राहिली. त्या खटपटीस यश येऊन १९८७ च्या अखेरीस गुजरातनें भूमिहीन व अतिक्रमण करणारे समजल्या जाणाऱ्यांसही दोन हेक्टर देण्याचें ठरविलें. हा मोठा लाभ होता आणि तो बोलण्यानें मिळाला, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. पण महाराष्ट्र व मध्यप्रदेश तेवढें द्यावयास तयार झाले नाहींत. १९८८ च्या ऑगस्टांत इकडील लोकांनीं जाहीर केलें कीं, आतां आमचा धरणालाच विरोध.

त्यानंतर पाहणीदारांना गांवांत खुंटी रोवूं देण्याचें बंद झालें. १९८९ च्या सप्टेंबरांत हरसूद येथें प्रचंड मेळा भरला; ऑक्टोबरांत मेधाताईंनीं वॉशिंग्टनला अमेरिकन प्रतिनिधींच्या समितीपुढें साक्ष दिली. आनंदवन सोडून बाबा आमटे १९९० सालीं नर्मदाकांठीं कसरावदला येऊन राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस बडवानीहून निघालेली पदयात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथें अडविली गेली. तेथें कडाक्याच्या थंडींत तीन आठवडे उपोषण चाललें. यांतून जें निघालें तें बँकेच्या इतिहासांत पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. आपल्याच कर्जाची चौकशी बाहेरच्या माणसांकडून करविण्याचें बँकेनें १९९१ सालीं मान्य केलें.

चौकशीचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास-कार्यक्रमाचे पूर्वीचे प्रमुख. त्यांचे सहकारी टॉमस बर्जर हे कॅनडांतील न्यायाधीश. उत्तर कॅनडांतील एका वायूच्या नळाच्या योजनेपूर्वी तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्यावस्त्यांतून जाऊन साक्षी घेण्याबद्दल त्यांची ख्याति होती. ही मंडळी तिन्ही राज्यांतील गांवांतून हिंडली, लोकांच्या अंगणांत बसली. येथें आम्हांस पुणें जिल्ह्याचीच एक जुनी गोष्ट आठवते. १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं; त्यावर १८७९ सालीं जो कायदा झाला त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ देणेंघेणें तपासण्याचा अधिकार दिला. मोर्स व बर्जर यांनीं केलें तें हेंच. ते खताच्या मागें गेले, आणि तेथें त्यांना तिसरा माणूस भेटला.

१८ जून १९९२ रोजीं त्यांचा अहवाल बँकेच्या हातीं आला. त्याचा सारांश असा: बुडित क्षेत्रांत निदान एक लाख माणसें राहतात, कालव्यांनीं बाधित होणारे आणखी सुमारें एक लाख चाळीस हजार. महाराष्ट्र व गुजरातेंतील बाधित बहुतेक सर्व आदिवासी असून, कर्ज देण्यापूर्वीं बँकेनें स्वतःच्या १९८२ च्या फर्मानाप्रमाणें त्यांचा विचार केला नाहीं. कागद नाहीं म्हणून जमीन नाहीं, ही विचारसरणी भारतानें मान्य केलेल्या कराराशीं विसंगत आहे. १९८७ च्या पर्यावरण-मंजुरीच्या अटी पाळल्या गेल्या नाहींत. चालू स्थितींत योग्य पुनर्वसन होणें शक्य नाहीं, व याची जबाबदारी ऋणकोइतकीच धनकोचीही आहे. यास्तव बँकेनें मागें पाऊल घ्यावें. धनकोनें नेमलेल्या माणसांनीं धनकोस असें सुनावल्याचें उदाहरण आमच्या तरी वाचनांत दुसरें नाहीं.

बँकेच्या संचालकांनीं ऑक्टोबर १९९२ मध्यें आणखी सहा महिन्यांची मुदत दिली. ती मुदत संपण्याच्या सुमारास, ३० मार्च १९९३ रोजीं, उरलेले १७ कोटि डॉलर आम्हांस नकोत असें भारत सरकारनेंच कळविलें. दोघांचीही अब्रू राहिली.

पुढें बँक काय शिकली? १९९३ च्या सप्टेंबरांत तिनें एक कायमचें तपासमंडळ स्थापिलें. त्यावर तीन सभासद असतात. बँकेच्या पैशाच्या कामामुळें नुकसान होत असलेल्या कोणाही दोन अथवा अधिक माणसांनीं मंडळाकडे तक्रार करावी, मंडळानें ती तपासून थेट संचालकांपुढें ठेवावी, अशी योजना आहे. पहिलीच तक्रार नेपाळांतील अरुण नदीच्या धरणाची आली व १९९५ सालीं बँकेनें तें काम सोडलें. मुंबईच्या वाहतूक योजनेंत दुकानें व घरें गेलेल्यांनीं २००४ सालीं तक्रार केली. तपासणी होऊन मार्च २००६ मध्यें त्या कर्जाचा कांहीं भाग बँकेनें रोखला, आणि पुनर्वसनांत सुधारणेचीं पावलें पडल्यावर जूनमध्यें पुन्हां सुरूं केला. मणिबेलीच्या भिल्लानें भांडून मिळविलेली वाट कुर्ल्याच्या दुकानदाराच्या उपयोगीं पडली. जगांतील शेंकडों संस्थांनीं १९९४ सालीं मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जो जाहीरनामा काढला, त्यालाही मणिबेलीचेंच नांव आहे. आपल्या नकाशांत शोधूनही न सांपडणारें तें गांव परदेशीं अशा रीतीनें ठाऊक झालें.

आदिवासींविषयींचे नियमही बदलले. २००५ च्या नियमांत बँकेनें असें म्हटलें कीं, आदिवासींचा आधीं, मोकळेपणीं व सर्व माहिती देऊन सल्ला घ्यावा. २०१६ सालीं मंजूर झालेल्या व २०१८ पासून अमलांत आलेल्या चौकटींत, जमीन, स्थलांतर व देवस्थानें यांसंबंधीं कांहीं प्रसंगीं सल्ल्याच्या जागीं संमति हा शब्द आला. व्याकरणाच्या मास्तरास हा फरक डोळ्यांत भरतो. मुलीला स्थळाबद्दल ‘विचारलें’ असें पुष्कळ घरांतून म्हणतात. तिनें नाहीं म्हटलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न वेगळा. सल्ला घेणाऱ्यास पुढें स्वतःच्या मनाप्रमाणें वागतां येतें. संमति घेणाऱ्यास नकार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. या एका शब्दाला चौतीस वर्षें लागलीं.

मात्र मानवी हक्क हा शब्द त्या चौकटीच्या प्रस्तावनेंत आकांक्षा म्हणून आला आहे, बांधून घेणाऱ्या नियमांत नाहीं. संयुक्त राष्ट्रांचे एक अधिकारी फिलिप ऑल्स्टन यांनीं २०१५ सालीं बँकेवर टीका केली, तिचा आशय असा कीं मानवी हक्कांना तिच्या आवारांत प्रवेशच नाहीं. त्याच बँकेची खाजगी कंपन्यांना कर्ज देणारी एक शाखा आहे. तिनें कच्छांतील मुंद्र्याजवळच्या टाटांच्या वीजकेंद्रास २००८ सालीं कर्ज दिलें, आणि आंकडा पुन्हां ४५ कोटि डॉलरच! तेथील मच्छीमारांनीं तिच्यावर अमेरिकेंत फिर्याद केली. आंतरराष्ट्रीय संस्थेवर दावाच चालत नाहीं हें तिचें म्हणणें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं फेटाळलें, पण घटना भारतांतील म्हणून खालच्या कोर्टानें पुढल्याच वर्षीं दावा काढून टाकला. बँकेच्या अलीकडील कागदांत आदिवासींशीं ‘भागीदारी’ हा शब्द फार येतो. मणिबेलीच्या बाबतींत तो वापरणें आम्हांस जड जातें. शिष्याला गुरूनें शिकविलें खरें, पण गुरूचें घर पाण्याखालीं गेल्यावर.

कारण बँक गेली तरी धरण थांबलें नाहीं. १९९३ च्या पावसाळ्यांत मणिबेलींतील घरांत पाणी आलें. १८ ऑक्टोबर २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन विरुद्ध एक मतानें बांधकामास अनुमति दिली, आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजीं पूर्ण उंचीच्या धरणाचें लोकार्पण झालें. सौराष्ट्र व कच्छ येथील तहानलेल्या गांवांस नर्मदेचें पाणी पोंचलें, हेंही खरें आहे. तें पाणी पिणाऱ्या माउलीस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांस तळोद्याच्या जंगलांतील जमीन मोकळी करून दिली गेली. तेथेंही आधीपासून कसणारे दुसरे आदिवासी होतेच, म्हणजे एका तिसऱ्या माणसास जागा देतांना दुसरा तिसरा माणूस तयार झाला. पहाडांत राहिलेल्यांनीं आपल्या मुलांसाठीं स्वतःच ‘जीवनशाळा’ काढल्या. मुळाक्षरें मराठी, पण पहिले धडे पावरी व भिलोरी बोलींत. सरकारी शाळा कागदावर असून गुरुजी न येणाऱ्या मुलखांत लोकांनीं वर्गणीनें, धान्य घालून शाळा चालविली, हें वाचून पेन्शनीतल्या मास्तरास काय वाटलें असेल तें वाचकांनीं ताडावें.

आमच्या वेल्ह्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रांतील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती सरकार सर्वांत दुर्बळ समजतें. पुणें जिल्ह्यांत आदिवासी क्षेत्राचे विशेष कायदे लागूं आहेत ते आंबेगांव व जुन्नर तालुक्यांच्या कांहीं भागांस. वेल्हे व भोर त्यांच्या बाहेर. २००६ चा वनहक्क कायदा मात्र येथेंही आहे, व १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसलेल्या रानजमिनीवर कातकऱ्यास हक्क मागतां येतो. पण दावा करावयास त्या ऋतूंत माणूस गांवांत असावा लागतो. पाऊस सरला कीं कातकरी कुटुंब ‘उचल’ घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातें. उचल म्हणजे आगाऊ घेतलेलें कर्जच. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली, तरी हंगाम संपला म्हणजे हिशेब बहुधा मालकाच्याच बाजूनें बाकी निघतो. खतावर नांव बापाचें. आमच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर ज्या नांवांपुढें पावसाळ्यापर्यंत गैरहजेरीच्या फुल्या पडत, तीं मुलें त्या कर्जाचे हप्ते भट्टीवर विटा उलट्या करून फेडीत असत. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें.

बँकेच्या तपासमंडळाकडे तक्रार करण्याची रीत पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून ती येथें देतों. छापील नमुना लागत नाहीं. साधें सही केलेलें पत्र पुरतें. तें दोघांनीं तरी केलेलें असावें; त्यांत काम कोणतें, नुकसान काय, व बँकेच्या माणसांना आधीं कळवून काय उत्तर मिळालें हें लिहावें. तक्रारदारांनीं इच्छा दर्शविल्यास त्यांचीं नांवें गुप्त ठेवतात. पत्र कोणत्याही भाषेंत चालतें. म्हणजे मराठींतही चालतें, आणि पावरींतही. मणिबेलीच्या लोकांस असें पत्र पाठवितां आलें नाहीं. मंडळ सप्टेंबरांत निघालें, आणि त्यांचें कर्जखत मार्चमध्येंच मिटलें होतें.